गणपतराव, तुम्ही आणलेली सहा निरोगी माणसं

गणपतराव, मला तुमच्यावर ओरडायचंय, आणि तुम्ही ऐकायला नाही. हे तुमचं नेहमीचंच. ज्या दिवशी मी खरोखर चिडलेली असे, नेमकी त्याच दिवशी तुमची लोणंदची पॅसेंजर चुकलेली असायची.

परवा तुमच्या दहाव्याला येऊन गेले. कोपरा फाडलेलं कार्ड हातात पडलं तेव्हा मी प्रयोगशाळेत उभी होते. वाचलं, आणि पहिली कुठली भावना आली असेल तर ती रागाची. घास चुकीच्या नळीत गेला, छाती भरली, चार दिवसांत आटोपलं, असं कार्डात लिहिलं होतं. मान खाली घालून गिळा, घोटभरच पाणी घ्या, गिळताना बोलू नका, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? तुम्ही पाण्याचा तांब्या तोंडाला लावून माझ्याशी वाद घालायचात. ठसका लागून डोळ्यांत पाणी यायचं, तरी बोट वर करून 'थांबा, माजं संपलं न्हाई' अशी खूण करायचात. शेवटच्या घासालाही कुणाशी तरी वादच चालला असणार, याबद्दल मला शंका नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. दुष्काळ सरल्यानंतरचं वर्ष. कॉलेजच्या जिन्याला तेवीस पायऱ्या आहेत. खाली खुर्ची ठेवली होती, उचलून आणायला दोन माणसं होती. तुम्ही खुर्चीला नमस्कार केलात आणि कठडा धरून निघालात. पाय एकीकडे, कंबर दुसरीकडे, आणि चेहरा मात्र परेडच्या मैदानावर असल्यासारखा. वर पोचायला पाऊण तास लागला. माझ्या दारात उभे राहून म्हणालात, "हवालदार गणपत हजर हाय, बाई."

ड्रिल हवालदार होतात तुम्ही. शेकडो पोरांची पावलं एका तालात आणणारा माणूस, आणि तिशी ओलांडल्यावर तुमचंच पाऊल चुकायला लागलं. साहेबानं सगळ्यांसमोर तुमच्या तोंडाचा वास घेतला. दारूला कधी शिवला नव्हतात. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं, तर गावातही तेच. तुमचे वडील असेच झोकांड्या खात गेले, आत्या गेली, थोरला भाऊ घराच्या मागच्या खोलीत पडून होता, आणि सबंध गाव म्हणत होतं की ह्या घराला पिण्याचं व्यसन आहे. बायकांनाही. हे सांगताना तुमची जीभ जड झाली होती. ते आजारानं की आणखी कशानं, हे मी विचारलं नाही.

मला तुमच्यासारखी माणसं हवी होती. उगाच गोड कशाला बोलू? तुमच्या घराण्यात तोल सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो, बापाकडून पोराकडे हे दुखणं येतं, एवढं डॉक्टरांना ठाऊक होतं. का झिजतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेंदू उघडून बघता येत नाही. पण मेंदू जशी साखर जाळून चालतो तसा स्नायूही चालतो, आणि स्नायू हाताशी असतो. जळण्यातच काही खोट असेल तर ती तिथेही दिसावी, असा माझा तर्क. म्हणून दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळायचा, मुठीत दाबायचं यंत्र द्यायचं, मिनिटभर दाबायला लावायचं, आणि मग ठरावीक वेळांनी कोपराच्या शिरेतून रक्त काढून त्यात लॅक्टिक आम्ल किती चढलं आणि किती वेळात उतरलं ते मोजायचं. रक्त काढल्या क्षणी बर्फात गेलं पाहिजे, नाहीतर नळीतच आकडा वाढत राहतो. आमचे शब्बीरभाई बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात भुसा घालून सायकलवरून लादी आणायचे आणि ती वितळायच्या आत तुम्ही आडवे झालेले असावेत म्हणून मी दारात उभी असायची.

हे सगळं मी तुम्हाला समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजी विंजन धूर किती सोडतंय ते बगायचं. विंजन खोलायचं न्हाई."

"बरोबर."

"आन् धूर जास्त निघाला तर दुरुस्ती?"

"दुरुस्ती नाही. अजून नाही."

"मंग मोजताय कशापायी?"

इथे आपला वाद सुरू झाला. तो पाच वर्षं चालला आणि आता तुम्ही तो मधेच सोडून निघून गेलात.

आता तुमचा पहिला पराक्रम. तुमचा विश्रांतीतला आकडा जास्त आला. यंत्र हातात देण्याआधी, अर्धा तास स्वस्थ पडून राहिल्यावर जो यायला हवा त्याच्या दुप्पट. मी पुन्हा मोजलं, नवी रसायनं बनवून मोजलं. तुम्हाला परत बोलावलं, परत तेच. गणपतराव, मला वाटलं, सापडलं. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या स्नायूत आम्ल साचतंय म्हणजे जळण्यातच खोट आहे. मुंबईला माझ्या सरांना मी सहा पानी पत्र पाठवलं. घरी यजमानांना सांगितलं, माझ्या हातून काहीतरी होणार बहुतेक. ते महिने मी माधवनगरहून सायकल मारत यायची आणि वाटेत स्वतःशी हसायची.

मग मे महिना आला. उकाडा एवढा की शब्बीरभाईंनी तुमच्या अंगावर चादर घातली नाही. मी सहज वळून बघितलं, तर तुम्ही डोळे मिटून शांत पडला होतात आणि तुमच्या दोन्ही मुठी उघडत होत्या, मिटत होत्या. कवायतीसारख्या. एक-दो, एक-दो.

"गणपतराव, हे काय चाललंय?"

"काय न्हाई. जरा तयारी."

"कसली तयारी?"

"यंत्र दाबायचं हाय न्हवं आता? गेल्या बारीला काटा लय वर गेलाच न्हाई. शब्बीरभाईंचा माज्यापरीस वर गेला. म्हनलं, हात गरम करून घ्यावा."

"अहो, ही विश्रांती आहे!"

"पडलोय की मी."

"दर वेळी हे करत होतात? चादरीखाली?"

तुम्ही परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या माणसासारखे दिसलात आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, माझीच समजूत घातलीत. "बाई, आवं, फौजेत टेस्ट म्हणल्यावर पास व्हायचं असतंय. नापास व्हायला कोन जातं?"

सरांना दुसरं पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. ते चार ओळींचं होतं. नीट विश्रांतीनंतर मोजलेला तुमचा आकडा अगदी साधा आला, कुणाही माणसाचा येईल तसा. त्या दिवशी मी शब्बीरभाईंवर ओरडले, बर्फावर ओरडले, तुमच्यावर मात्र ओरडू शकले नाही, कारण तुम्ही जाताना जिन्यात बसून म्हणालात, "माजा चांगला आला म्हंजी तुमचं वाईट झालं व्हय?" मी नाही म्हटलं. खोटं होतं ते. फार वाईट झालं होतं.

पण तुम्ही सोडून दिलं नाहीत. मी सोडणार होते. थोरल्या भावाला मागच्या खोलीतून तुम्ही बाहेर काढलंत. आठ वर्षं तो माणूस उन्हात आला नव्हता. त्याला बैलगाडीतून स्टेशनावर, गाडीतून सांगलीला, तुम्ही, स्वतः धड उभं राहता येत नसताना. आत्याच्या मुलालाही घेऊन आलात. त्यांना चादरीखाली मुठी आवळू नका म्हणून एवढ्या कडक आवाजात बजावलंत की ते श्वास घ्यायलाही घाबरत होते. आणि मग मला म्हणालात, मला एक कागद द्या. कसला? 'हा मानूस पीत न्हाई' म्हणून. मी म्हटलं, हे काम माझं नाही, मी रक्त तपासते, चारित्र्य नाही. तुम्ही तीनदा मागितलात. चौथ्यांदा मी कॉलेजच्या कागदावर लिहून दिलं की ह्या कुटुंबातला तोल जाण्याचा विकार हा मेंदूचा आनुवंशिक आजार असून मद्यपानाशी त्याचा काही संबंध नाही. खाली सही, शिक्का. लोणंदच्या स्टँडवर तुम्ही तो अनोळखी माणसांनाही वाचायला द्यायचात, असं कळलं. माझ्या हातून आजवर जेवढे शोधनिबंध लिहून झाले, त्यातला सगळ्यांत जास्त वाचला गेलेला मजकूर तोच. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आता सांगते. आभार मानायचे राहून गेले.

तुमच्या मुलीचं, मंगलचं प्रकरण मात्र मी तुम्हाला माफ करणार नव्हते.

ती एकोणीस वर्षांची झाली आणि तुमचा एकच धोशा सुरू झाला. पोरीचं रक्त बघा. तिच्यात हाय का न्हाई सांगा. मी तुम्हाला सांगितलं. एकदा नाही, किती वेळा सांगितलं याची गणतीच नाही. ही चाचणी ते सांगू शकत नाही. जे आजारी आहेत त्यांच्यातच मला अजून धड काही दिसलेलं नाही, मग जी आज धावतेय तिच्यात काय दिसणार? निम्मी शक्यता असण्याची, निम्मी नसण्याची. ते तिच्या तिशीनंतर कळेल.

"म्हंजी तुमच्या यंत्राला ठाऊक न्हाई."

"यंत्राला नाही, मला नाही, जगात कुणालाच नाही."

"मंग सोयरिकीला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं सांगितल्यावर कोन करील तिला?"

"मग निदान तिला तरी सांगा."

मग म्हणालात, "तिला काय सांगू, बाई? बापाकडं बग आन् वळख?" मी म्हटलं, हो, तेच सांगा. ते बोलायला सोपं होतं. मला मुलगी नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी निरोगी माणसं शोधत होते. आजारी माणसाचा आकडा नुसता बघून काही कळत नाही, शेजारी त्याच वयाच्या, तसंच अन्न खाणाऱ्या, तसंच काम करणाऱ्या धडधाकट माणसाचा आकडा लागतो. माधवनगरच्या गिरणीतले कामगार मिळाले होते, पण मला शेतात राबणारी माणसं हवी होती. तुम्ही म्हणालात, मी आणतो. आणलीत. सहा जण. चार बाप्ये, दोन बाया. मी दारातच प्रत्येकाला विचारलं, घरात कुणाला हा आजार आहे का? सगळ्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटची मुलगी सगळ्यांत तरणी होती, डोक्यावरून पदर घेतलेली. 'शांता, शेजारच्या आबाची लेक,' तुम्हीच सांगितलंत. मी तिचं नाव लिहिलं. ती अर्धा तास इतकी स्थिर पडून राहिली की मी तुम्हाला टोमणा मारला, "बघा, याला म्हणतात विश्रांती."

आठ दिवसांनी तुम्ही एकटेच आलात. भेटीचा दिवस नव्हता. दार धरून विचारलंत, "आमची समदी बरी निघाली का?"

मी नळ्या धूत होते. मागे वळूनही न बघता म्हटलं, "सगळी ठणठणीत."

पुढची नळी घ्यायला मी वळले, तर तुम्ही रडत होतात. मला वाटलं, गावची माणसं चांगली निघाली याचा अभिमान. मला तेव्हा थोडं हसूच आलं. हवालदार, पलटणीचं नाव राखलंत, असंही काहीतरी मी म्हणाले असेन.

दिवाळीनंतर मंगलच्या लग्नाची पत्रिका आली. मुलगा शिराळ्याकडचा, एस.टी.त मेकॅनिक. मी पत्र टाकलं, त्यांना सांगितलंत का? तुमचं उत्तर एका ओळीचं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं, 'बाई, काळजी नसावी, मुलगी ठणठणीत आहे.' मी ते कार्ड फाडून टाकलं. किती निलाजरा माणूस, म्हटलं. लग्नाला आले नाही. पुढे वर्षभर तुम्ही तपासणीला आलात की मी कामापुरतं बोलायची. तुम्हाला ते कळत होतं. तुम्ही एकदाही का म्हणून विचारलं नाहीत, यावरून मला समजायला हवं होतं.

परवा तुमच्या अंगणात मी चपला काढत होते, तर एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. मी चेहरा ओळखला. म्हटलं, "शांता ना तू? आबांची?"

ती म्हणाली, "मंगल हाय मी, बाई. दादांची."

गणपतराव, मी त्या अंगणात, एवढ्या बायकांत, तुमच्या दहाव्याला, मोठ्यानं "अरे देवा!" म्हणाले. सगळ्यांना वाटलं, शोक अनावर झाला. शोक नव्हता तो. माझाच शब्द माझ्यापुढे उभा राहिला होता. ठणठणीत. तुम्ही तो माझ्या तोंडून काढून घेतलात, सांभाळून घरी नेलात आणि त्यावर मुलीचं लग्न लावलंत. मी आजन्म ज्याची काळजी घेतली, जे मोजलं नाही ते बोलायचं नाही, तेच तुम्ही नळ्या धुता धुता माझ्याकडून बोलवून घेतलंत. आणि एवढं करून त्या सहा जणांच्या आकड्यांची वाट लावली ती वेगळीच! निरोगी म्हणून ज्यांच्याशी मी तुम्हाला ताडून बघत होते, त्यांच्यात तुमचीच मुलगी.

मंगल मला मागच्या दारी घेऊन गेली. मी तिला म्हटलं, "तुझा आकडा चांगला आला होता, पण त्याचा अर्थ काही नाही. तुला कुणी सांगितलं असेल की तू सुटलीस, तर ते खरं नाही. मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण—"

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुमी दादांना सांगायचा तवा मी भाईर जिन्यात बसलेली असायची, आत कवा आले न्हाई. समदं ऐकू यायचं."

"मग तू खोटं नाव का घेतलंस?"

"त्यांनी हात जोडलं. बापानं हात जोडल्यावर काय करायचं?"

नवऱ्याला तिनं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. तुम्हाला हे ठाऊक होतं का? जावई वर्षभर तुमच्याशी का बोलत नव्हता, ते तुम्हाला कळलं होतं का? तो तिला म्हणाला होता, "हे तुझ्या बापानं सांगायला पायजे हुतं, तू न्हाई." मग गेल्या पावसाळ्यात तुम्हाला अंथरूणच धरावं लागलं, तेव्हा तो रजा टाकून आला आणि त्यानं तुम्हाला घास भरवला. मान खाली घालायला लावून, बोलू न देता. मंगलनं त्याला माझी पद्धत शिकवली होती. म्हणजे तुमच्या घरात माझं ऐकणारं कुणीतरी होतं, तुम्ही सोडून सगळेच बहुतेक.

मी तिला विचारलं, "तुझ्या दादांना खरंच वाटलं होतं का, की तू सुटलीस?"

तिनं उलट विचारलं, "तुमी त्यास्नी किती बारी सांगितलंवतं?"

"पंधरा-वीस वेळा."

"मंग ठाऊक हुतं की त्यास्नी. पर बाई, समद्यांनी आजवर वाईटच सांगितलं. फौजेनं, गावानं, डाक्टरांनी. एकदा कुनाच्या तरी तोंडनं चांगलं ऐकायचं हुतं त्यास्नी. मंग ते तुमच्या तोंडनं ऐकलं."

येताना गाडीत सबंध वेळ तुमच्याशी भांडत आले. समोरच्या बाईनं मला दोनदा पाणी विचारलं.

तर गणपतराव, हे बघा. तुमचं म्हणणं पटलेलं नाही. तुम्ही मुलीपुढे हात जोडायला नको होते, जावयाला सांगायला हवं होतं, आणि मला फसवायला तर मुळीच नको होतं. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न तुम्ही मला विचारणार असाल तर विचारू नका. माझंही चुकलं. त्या दिवशी नळी खाली ठेवून, वळून, तुमच्या चेहऱ्याकडे बघून मग बोलायला हवं होतं. लग्नालाही यायला हवं होतं. लाडू चांगले होते म्हणे.

मंगलनं निघताना विचारलं, "मी आता माज्या नावानं आले तर चालंल का?" मी म्हटलं, तुला त्यातून काहीच कळणार नाही, आत्ता नाही, कदाचित कधीच नाही. ती म्हणाली, "मला न्हाई कळलं तरी चालंल. वर्साला येत जाईन. तुमाला तरी कळंल, कवा सुरू हुतंय ते." सोमवारी येते म्हणाली. नवऱ्याला घेऊन.

आज रजिस्टर काढलं आणि निरोगी माणसांच्या यादीतून शांतावर रेघ मारली. आकडा कुठे लिहायचा कळेना. आजाऱ्यांत ती बसत नाही, निरोग्यांतही तिला धरता येत नाही. शेवटी नवं पान घेतलं. वर मथळा काय द्यावा सुचेना, म्हणून नुसतं तिचं नाव लिहिलं. मंगल गणपत.